आमची वाटचाल: फळ्यावरून बेंचवर

म्हापशाच्या बाजारालगत आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, विहिरीवरचे पंप. शुक्रवारच्या बाजाराला येणारी गावातली माणसं पिशवीत मिक्सर घालूनच येतात, त्यांना तो परतीच्या बसआधी हवा असतो. गणेश चवथीच्या आधी तर विचारूच नका. नारळाचं वाटण करून करून मोटरीतले कार्बन ब्रश झिजतात, भांडं मोटरीला जोडणारे कपलर तुटतात.

हाताखाली माणसं हवीत म्हणून चार मुलं घेतली आणि महिनाभर फळ्यावर शिकवलं. आकृत्या चौघांना पाठ झाल्या. मग एकाने गिऱ्हाइकाचा मिक्सर उघडून बघितला आणि सरळ 230 व्होल्टच्या प्लगात घातला. आत दोन वायरी टेकलेल्या. फ्यूज उडाला, सॉकेट काळं पडलं, पोरगा दोन दिवस कशाला हात लावेना. चूक माझी होती. त्याच्या हाताला मी काहीच शिकवलं नव्हतं.

आता येणारा प्रत्येक जण आधी स्वतःचा सिरीज बोर्ड बनवतो, म्हणजे वस्तूला वीज बल्बातून देऊन तपासायची फळी. लाकडी फळी, होल्डर, सॉकेट आणि 100 वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी इथे चालत नाही, म्हणून जुने पिवळे बल्ब आम्ही जपून ठेवतो. वस्तू आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, फ्यूज मात्र वाचतो. वायर तुटलेली असेल तर पेटतच नाही. खरी गोम मधल्या उजेडात आहे. पंखा चांगला असला तर बल्ब मंद जळतो, पण मिक्सर चांगला असूनही बल्ब बराच उजळतो. हा फरक फळ्यावर सांगून कळत नाही, डोळ्याला सवय व्हावी लागते.

भंगारातल्या पंख्यांत मी मुद्दाम बिघाड करून ठेवतो आणि काय केलंय ते सांगत नाही. परवा डिचोलीहून येणाऱ्या मुलीसमोर रडतखडत फिरणारा पंखा ठेवला. तिने आधी प्लग काढला, पातं बोटाने ढकललं, कान जवळ नेला.

“बेअरिंग मोकळं फिरतंय, सर. कपॅसिटर बघते.”

कपॅसिटर म्हणजे पंख्याच्या मोटरीला फिरायचा जोर देणारा भाग. जुन्यात साठलेली वीज काढून, म्हणजे डिस्चार्ज करून, तिने तो सोडवला, 2.5 मायक्रोफॅरडचा नवा बसवला. पंखा सुटला तशी तिच्या कपाळावरची बट उडाली. मला फार बरं वाटलं.

पहिल्या चौघांतले दोघे अजून दुकानात आहेत. सॉकेट काळं केलेला तो मुलगा आता पंपांचं रिवाइंडिंग करतो, म्हणजे मोटरीत नवी तार गुंडाळतो, आणि नव्या मुलांचे सिरीज बोर्ड तोच तपासतो.