पातेल्यातल्या वह्या

पर्यवेक्षिका मॅडमची स्कूटी फाट्यावर दिसली आणि आमच्या मदतनीस मावशींनी एकवीस चाररेघी वह्या खिचडीच्या रिकाम्या पातेल्यात टाकून वर झाकण ठेवलं. मी काही बोलले नव्हते. दोन वर्षांत त्यांना सवय झालीय.

आमची अंगणवाडी चोपडा तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. लोकांना वाटतं, आम्ही खिचडी वाटतो आणि गाणी म्हणतो. खरी सकाळ जाते वजनकाट्यात आणि मोबाइलवर माहिती भरण्यात. रेंज नसली की मारुतीच्या पारापर्यंत जायचं. शिकवायला उरतात जेमतेम दोन तास.

वह्या मी स्वतःच्या पैशाने आणल्या. गावात इंग्लिश मीडियमची पिवळी व्हॅन यायला लागली आणि एका आजोबांनी दारातच ऐकवलं, "बाई, आमना पोर्‍या आठे नुसता खेयस." पुढच्या सोमवारी तो पोरगा व्हॅनमध्ये. पट घसरला की जाब मलाच विचारतात, व्हॅनवाल्याला नाही.

2024 मध्ये केंद्राचा 'आधारशिला' अभ्यासक्रम आला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खेळातून शिकू द्या, म्हणे. त्याआधी आपल्याकडे राज्याचा 'आकार' अभ्यासक्रम होता, त्यातही तेच. 1920 साली भावनगरला बालमंदिर काढणारे गिजुभाई बधेकाही हेच सांगत होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 मध्ये बोर्डीला गेल्या. मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. खेळणी म्हणजे शंख-शिंपले, खडे, पानं. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, त्यातून अंगणवाड्या गावोगाव पोचल्या. एवढ्या वर्षांत पुस्तकातला खेळ तसाच राहिला, आई मात्र बदलली. पूर्वी ती रोजाने जाताना म्हणायची, "पोराकडे बघा." आता रोजानेच जाते, पण संध्याकाळी वही बघायला मागते. तिला चूक म्हणायची माझी हिंमत नाही.

तर मॅडम आल्या. कोपऱ्यात ट्रक भरणं चाललं होतं: पुठ्ठ्याचं खोकं म्हणजे ट्रक, चिंचोके म्हणजे घड. एक साडेचार वर्षांची मुलगी खडूने फरशीवर रेघा ओढत होती. चार उभ्या, पाचवी त्यांच्यावर आडवी. परत चार, परत आडवी. तिचे वडील केळीचे ट्रक भरायला जातात, घडांचा हिशेब असाच ठेवतात. मॅडम उकिडव्या बसून व्हिडिओ काढायला लागल्या. "ताई, हे तुम्ही शिकवलं?"

"हो," मी म्हटलं.

तेवढ्यात एका पोराने झाकण उचललं. "मॅडम, मनी वही देखा!"

मॅडमनी दोन-तीन वह्या चाळल्या. पानभर वाकडे ए, वाकडे बी. मी खाली बघत उभी. त्यांनी वह्या परत पातेल्यात ठेवल्या, झाकण स्वतः लावलं आणि भेट-रजिस्टरमध्ये शेरा लिहिला, 'खेळातून शिक्षण उत्तम.' असे शेरे मी चोवीस वर्षं वाचतेय. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मुलं गेल्यावर मी त्या मुलीची वही काढली. ए-बीच्या पानावर एकही अक्षर नव्हतं. चार उभ्या, पाचवी आडवी, पान खालपर्यंत भरलेलं. त्यावर आठवड्यापूर्वीची माझीच लाल फुली, खाली 'पुन्हा लिही'.

तिला अजून वाचता येत नाही, एवढं बरं.