केसांवर जाऊ नका, बरगडीवर हात ठेवा

मांसासाठी गुरं पाळणाऱ्यांच्या वर्कशॉपला मी आधी फारसा जात नव्हतो. वाटायचं आपण रोज गुरांतच असतो, अजून काय शिकवणार. पण नुकत्याच झालेल्या वर्कशॉपला गेलो आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहून टाकतोय.

शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी थोडा वेळ स्लाइड दाखवल्या आणि मग सगळ्यांना सरळ गोठ्यात नेलं. खोड्यात एक गाभण गाय उभी होती, थंडीचे केस चांगले दाट आलेले, पोट भरलेलं, एकदम अंग धरल्यासारखी दिसत होती. बाईंनी विचारलं, अंगावरच्या मांस-चरबीचा स्कोअर १ ते ९ मध्ये, १ म्हणजे अगदी हाडकुळी आणि ९ म्हणजे फार लठ्ठ, तर हिला किती द्याल? मी म्हटलं ६. त्या म्हणाल्या, आता हात लावून बघा. मी बरगडीवर तळहात ठेवला आणि केसांखाली सगळ्या बरगड्या एकेक मोजता येत होत्या हो, कण्याच्या कडेची हाडं बोटांना टोचत होती, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे. ती ४ ची गाय होती. इतकी वर्षं मी नुसतं कुंपणाबाहेरून बघून गुरं चांगली आहेत म्हणत आलो होतो.

याचं महत्त्व काय ते साध्या हिशोबात कळतं. गाय साधारण २८३ दिवस गाभण असते, वर्षाला एक वासरू हवं तर ३६५ मधून उरले ८२ दिवस, त्यातच गर्भाशय पूर्ववत व्हायचं, गाय माजावर यायची आणि परत गाभण राहायची. हाडं वर आलेली गाय व्यायल्यावर लवकर माजावर येत नाही. म्हणून व्यायच्या वेळी गाय निदान ५ ला आणि पहिल्या वेताची कालवड ६ ला असावी, कारण तिचं स्वतःचं अंगही अजून वाढत असतं. आणि एक स्कोअर वाढवायचा म्हणजे गायीचं वजन साधारण ३५ ते ४५ किलो वाढवायचं, ते व्यायल्यावर जमत नाही, तेव्हा खाल्लेलं सगळं दुधात जातं. तर हात लावून बघायची वेळ व्यायच्या ९० दिवस आधीची! तेव्हा रोज अर्धा किलोच्या आसपास वजन वाढलं तरी काम होतं.

हे आधी कळलं असतं तर... दोन वर्षांपूर्वी माझी एक कालवड रात्री तीनच्या सुमाराला व्यायली असावी, मी पहाटे पोचलो तेव्हा वासरू ओल्यात पडलेलं, उठायची ताकद नाही, तोंडात बोट घातलं तरी चोखत नव्हतं. पहिल्या काही तासांत चीक पोटात जावा लागतो, कारण त्यातली रोगाशी लढणारी प्रथिनं वासराच्या आतड्यातून रक्तात जायची वाट तासातासाला बंद होत जाते आणि २४ तासांत बंदच होते. मी चीक पिळून बाटलीनं पाजला, पण उशीर झाला होता, आणि कालवडीच्या कासेत तो होताही कमीच. तिसऱ्या दिवशी गेलं वासरू. त्या कालवडीच्या बरगड्या मी कधीच चाचपल्या नव्हत्या, हे आता सारखं आठवतं.

रात्रीच्या बाळंतपणांवर एक उपाय तिथे कळला. कॅनडात मॅनिटोबातल्या गस कोनेफल नावाच्या पशुपालकानं लक्षात आणून दिलं होतं की गाभण गायींना चारा संध्याकाळी उशिरा टाकला तर जास्त गायी दिवसा व्यायतात. व्यायच्या महिनाभर आधीपासून सुरू करायचं. सगळ्याच दिवसा व्यायतील असं नाही, पण जितक्या होतील तितक्या आपल्या डोळ्यासमोर.

वाळलेल्या चाऱ्याचंही तसंच, नुसता हिरवा रंग आणि वास बघून काही कळत नाही. १५-२० गठ्ठ्यांच्या पार आतून नमुने काढायचे, एकत्र करून लॅबला द्यायचे. व्यायच्या आधीच्या महिन्यांत गायीला चाऱ्यात ८-९ टक्के प्रोटीन लागतं, दूध सुरू झालं की १० च्या वर. आणि थंडीत दाट कोरडे केस असतील तर गाय उणे ८ अंशांपर्यंत निभावते, तेच केस भिजले की १५ अंशांच्या खालीच तिला थंडी सोसण्यासाठी जास्त चारा लागायला लागतो. पावसाळी थंडीत मी चारा वाढवायचो नाही, बर्फाळ थंडीतच वाढवायचो. चुकत होतं.

वळूची तपासणी कळपात सोडायच्या दोन महिने आधी करून घ्या, शुक्राणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

मला एक मनापासून वाटतं, ही वर्कशॉप ऋतूच्या आधी व्हायला हवीत. वासरं सांभाळण्याचं एक वर्कशॉप मी ऐन वेताच्या दिवसांत होताना पाहिलंय, त्या दिवसांत गोठा सोडून कोण येणार? जे आले त्यांनाही उशीरच झालेला. आणि खोड्यात जनावर असावंच, फोटोवरून हाताला काही कळत नाही.

घरी आल्यावर तीन दिवस तेच केलं, एकेक गाय खोड्यात घेऊन हात लावला. ११ निघाल्या ४ किंवा त्याहून कमी, त्यात ५ कालवडी. त्यांच्या पुठ्ठ्यावर लाल रंगाची खूण केली आणि वेगळ्या बांधल्या, कारण एकत्र असल्या की थोराड गायी त्यांना गव्हाणीपासून ढकलून देतात, कितीही चारा टाका. व्यायला अजून ८० दिवस आहेत. चाळीसाव्या दिवशी परत हात लावून बघणार आहे.