ओली वात

बाईंनी लायटर टेबलावर ठेवला आणि त्याच्या शेजारी एक छोटी वही. "पुन्हा बंद पडलाय," त्या म्हणाल्या. दोन आठवड्यांतली ही तिसरी खेप होती.

घड्याळं, पेनं, स्टोव्ह, लायटर अशी हातात मावणारी यंत्रं दुरुस्त करणं हे माझं काम. गिऱ्हाईक वही घेऊन आलं की मला जरा धास्तीच वाटते, कारण तिच्यात बहुधा माझ्याच चुका तारीखवार उतरवलेल्या असतात. या तर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. लायटर त्यांच्या भावाचा, बरीच वर्षं कपाटात पडून राहिलेला. डोंगरात भटकताना स्टोव्ह पेटवायला त्यांना तो हवा होता. वाऱ्यात काडी टिकत नाही, हा टिकतो.

पहिल्यांदा आल्या तेव्हा दुखणं सरळ होतं. चाक जाम. अशा लायटरचे दोन भाग असतात, बाहेरची झाकणाची डबी आणि तिच्यातून वर ओढून काढायचा गाभा. गाभ्याच्या माथ्यावर भोकाभोकांची चिमणी, तिच्या आत वात, शेजारी दातेरी चाक. चाकाखाली नळी, नळीत खडा, खड्याला खालून रेटणारी स्प्रिंग आणि बुडाशी स्क्रू. उरलेल्या जागेत कापसाचे बोळे, त्यांच्यातून नागमोडी गेलेली वात, आणि बूड झाकायला नमद्याचा तुकडा. १९३३ च्या सुमारास अमेरिकेतल्या ब्रॅडफर्ड गावी जॉर्ज ब्लेझडेल यांनी झिप्पो बाजारात आणला, तेव्हापासून या रचनेत मूलभूत म्हणावा असा बदल झालेला नाही. त्याच धर्तीचे लायटर पुढे अनेकांनी बनवले. बाईंचा त्यांपैकीच एक.

खडा म्हणतात खरं, पण तो दगड नव्हे. सेरियम, त्याच्याच जातकुळीतले आणखी काही धातू आणि लोखंड यांचा तो मिश्रधातू. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनज्ञाने १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. चाकाचे दात त्याचा कीस काढतात आणि तो कीस हवेत आपोआप पेट घेतो, तीच ठिणगी. हवेत इतक्या सहज पेटणारा धातू वर्षानुवर्षं दमट जागी पडून राहिला तर गप्प बसत नाही. हळूहळू गंजतो, फुगतो, त्याची राखाडी भुकटी होते आणि ती नळीत सिमेंटसारखी बसते. मी स्क्रू काढला, स्प्रिंग बाहेर आली, खडा मात्र जागचा हलला नाही. मग दोन मिलिमीटरचं ड्रिलचं पातं बोटांनीच फिरवत खालून थोडं थोडं कोरलं. इथे मशीन लावायचं नाही. एक तर नळी पितळेची, पातं सरकलं तर आतून ओरखडते. दुसरं म्हणजे कोरताना निघणारी पूड ठिणगीचीच असते, त्यामुळे आसपास इंधनाचा थेंबही नको. लायटर कोरडा ठणठणीत होता, म्हणून बरं. अर्ध्या तासाने भुकटी सुटली. नळी पुसली, नवा खडा घातला, चाकाच्या दातांत बसलेला मळ ब्रशने काढला. वातीचं जळकं टोक चिमट्याने वर ओढून कापलं आणि नवं टोक चिमणीच्या कडेबरोबर आणून ठेवलं. नमदा उचलून इंधन भरलं, बाहेर सांडलेलं पुसलं, हात धुतले, पाच मिनिटं थांबून चाक ओढलं. पहिल्याच झटक्यात ज्योत.

हात धुणं आणि थांबणं मी कधी चुकवत नाही. उमेदवारीत एकदा चुकवलं होतं. गाभा हातात, बोटं ओली, आणि घाईने चाक ओढलं. ज्योत वातीवरून बोटांवर आली. गाभा डबीबाहेर, म्हणजे झाकण नाही, आणि फुंकर मारून उपयोग नाही, कारण वस्तू बनवलीय ती वाऱ्यात न विझण्यासाठीच! शेवटी टेबलावरची पत्र्याची वाटी त्याच्यावर उपडी घातली तेव्हा कुठे विझली. दोन बोटांची कातडी गेली.

निघताना बाईंनी विचारलं, "काठोकाठ भरलाय ना?" मी म्हटलं, घ्या, आणखी थोडं. नमदा पुन्हा उचलला, मागे हात घालून फळीवरची कुपी घेतली आणि कापूस पुरता भिजवून दिला.

पाचव्या दिवशी बाई परत. पेटत नाही. मी चाक ओढलं, ठिणगी झकास. ठिणगी आहे आणि ज्योत नाही, म्हणजे इंधन संपलं. हे निदान दहातल्या नऊ वेळा बरोबर येतं, म्हणून मी पुढे बघितलंच नाही. पुन्हा भरला, पेटला. वर बाईंना भाषणही ऐकवलं. लायटरचं इंधन म्हणजे नॅफ्था, तो कसा भराभर उडतो, झाकण लावलेलं असलं तरी फटींतून कसा निघून जातो, लायटर वापरा न वापरा, आठवड्या-दहा दिवसांनी भरावाच कसा लागतो. बाष्पीभवनावर, रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वातीचं टोक नेहमीपेक्षा काळं दिसत होतं आणि ते माझ्या नजरेला पडलंही होतं. मी ते कापून टाकलं.

आणि आता तिसरी खेप, वहीसकट.

मी पुन्हा ठिणगीपासूनच सुरुवात केली. आपल्याला जे चांगलं जमतं तिथेच माणूस बिघाड शोधत बसतो. खडा बदलला, खरं तर गरज नव्हती. स्प्रिंग ताणून पाहिली. चाक पुन्हा ब्रशने घासलं. ठिणग्यांचा नुसता पाऊस पडत होता आणि वात ढिम्म. तेव्हा कुठे मी वातीला बोट लावलं. ओली. चांगली ओली. नमदा उचलून पाहिला तर कापूसही ओला. बोट हुंगलं, काही वेगळं जाणवलं नाही. आता यात काही अर्थ नव्हता, कारण सुटे भाग धुवायला मी दिवसभर रॉकेल वापरतो आणि माझ्या हातांना त्याचाच वास असतो. मला तो येईनासा होऊन काही वर्षं झाली असतील.

"घरी काही वेगळं भरलंत का?" मी विचारलं. आवाजात थोडी हुशारी होतीच.

बाईंनी वही उघडून माझ्याकडे फिरवली. पहिले तीन दिवस: एका झटक्यात पेटला. चौथा: सहा-सात झटके, ज्योत पिवळी, धूर. पाचवा: नाही. त्यानंतर माझ्या दुसऱ्या भरण्याची तारीख, आणि खाली तीच कहाणी, फक्त आणखी लवकर संपलेली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: वजन फारसं उतरलेलं नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्या रोज लायटर तोलत होत्या!

"घरी मी काहीच भरलं नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा तुम्हीच भरलंत."

मी काडी ओढून वातीला लावली. लगेच पेटली नाही. काडी दोन-तीन क्षण धरून ठेवली तेव्हा वात तडतडली आणि एक सुस्त, पिवळी, धुरकट ज्योत वर आली. चिमणीची भोकं बघता बघता काळी पडली. झाकण लावून विझवली. आता मात्र मला घाम फुटायला लागला होता.

बाईंनी पांढरा कागद मागितला. वात चिमट्यात दाबून एक टिपका त्यावर उमटवला आणि म्हणाल्या, "आता तुमच्या लायटरच्या डब्यातला एक." मी दुसरा थेंब शेजारी टाकला. आम्ही दोघं कागदाकडे बघत बसलो. माझा थेंब कडेकडेने आत सरकत गेला आणि थोड्या वेळात कागद जसाच्या तसा कोरडा. त्यांचा टिपका तिथेच, तेलकट, कागद उजेडात धरला तर आरपार दिसणारा.

"रॉकेल," बाई म्हणाल्या. मग वर्गात सांगतात तसं सांगितलं. पेटते ती वाफ, द्रव नव्हे. नॅफ्था शून्य अंशाखालीही पेटण्याजोगी वाफ सोडतो, म्हणून क्षणभराची ठिणगी त्याला पुरते. रॉकेलला त्यासाठी अडतीस अंश किंवा त्याहून जास्त तापावं लागतं. काडी वातीला आधी तापवते आणि मग पेटवते, ठिणगीला तेवढी सवडच नसते. दोन्ही एकत्र भरले तर आधी नॅफ्था उडून जातो आणि तो असेपर्यंत लायटर पेटतो. मागे रॉकेल राहतं. पुन्हा भरलं तर पुन्हा तेच, फक्त कापसात नॅफ्थासाठी जागा कमी.

"तुम्ही रॉकेल ठेवता कुठे?" त्यांनी विचारलं.

मी मागे वळून फळीकडे हात केला आणि हात मध्येच थांबला. शेजारी शेजारी दोन कुप्या. एकाच आकाराच्या, एकाच लांब चोचीच्या. मीच एकदम आणलेल्या. नॅफ्था मोठ्या डब्यातून एकीत, भाग धुवायचं रॉकेल दुसरीत, आणि कोणती कोणती हे मला "माहीत असायचं". त्या दिवशी मागे न बघता घेतलेली ती दुसरी होती. "बाई, हे मीच केलंय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्या फक्त "हं" म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं.

रॉकेल मुरलेला कापूस सुकवून पुन्हा वापरू नये, असं माझं मत आहे. ते लवकर उडतच नाही, सुकणार कसं? नमदा काढला, वाकवलेल्या तारेच्या आकड्याने बोळे एकेक करून बाहेर ओढले, वात वरून काढून घेतली. रिकामी डबी आणि गाभा नॅफ्थाने दोनदा विसळून उघड्यावर वाळू दिला. मग नवी वात वरून ओवली. तिच्यात बारीक तांब्याची तार विणलेली असते, तिच्यामुळे ती ताठ राहते. एक बोळा, वातीचं एक वळण, त्यावर दुसरा बोळा, पुन्हा वळण, असं भरत आलो. इथे हात हलका लागतो. ठासून भरलं की इंधन चढत नाही आणि पुढे वात ओढायला गेलं तर तुटते. सैल सोडलं तर कापसात इंधन टिकत नाही आणि भरलेलं गळतं. खिशात गळलं तर मांडीवर भाजल्यासारखा चट्टा उठतो, कपडा ओला झालेला कळायच्या आधीच. हे बाईंना सांगितलं, यावेळी भाषण न करता. नमद्याखाली एक जास्तीचा खडाही ठेवून दिला, डोंगरात कामाला येईल म्हणून.

त्या गेल्यावर रॉकेलची कुपी मी सरळ फेकून दिली आणि रॉकेल रुंद तोंडाच्या बरणीत काढलं. बरणीतून लायटर भरायची हिंमत माझ्यासारख्यालाही व्हायची नाही.

महिन्याभराने बाई खडे घ्यायला आल्या. लायटर व्यवस्थित होता, फक्त भरायचा होता. मी कुपी उचलली तशी त्यांनी हात पुढे केला. कुपी घेतली, वहीचं कोरं पान काढून त्यावर एक थेंब टाकला आणि तो पूर्ण उडेपर्यंत पानाकडे बघत उभ्या राहिल्या. मग कुपी परत दिली.

"भरा आता."