आईचा पंप आणि एच-निर्देशांक

टिळकवाडीच्या घरी आई दम्याचा पंप ओढून दहापर्यंत श्वास रोखते, तेव्हा त्यातले साल्ब्युटामॉल हे औषध श्वासनलिकेच्या स्नायूपेशींवरील ज्या बीटा-२ रिसेप्टरला (पेशीवर बाहेरचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटते, त्याची रचना शास्त्रज्ञ ब्रायन कोबिल्का यांनी सहकाऱ्यांसह २००७ मध्ये उलगडली आणि २०११ मध्ये तोच रिसेप्टर जी-प्रथिनाशी (तो संदेश पेशीच्या आत पोहोचवणाऱ्या प्रथिनाशी) जोडलेल्या अवस्थेत स्फटिकात पकडला, हे मला दरवेळी आठवते. २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्यासह मिळाले. बेळगावात पदवीच्या मुलांना शिकवताना एच-निर्देशांकाचा, म्हणजे संशोधकाच्या कामाचा प्रभाव एका आकड्यात मोजणाऱ्या मापाचा, प्रश्न हमखास येतो. ४० शोधनिबंधांना प्रत्येकी किमान ४० उद्धरणे (इतर निबंधांतले उल्लेख) मिळाली, की तो ४० होतो. मात्र ४१ उद्धरणांचा निबंध आणि हजारो उद्धरणांचा निबंध त्यात सारखाच मोजला जातो. कोबिल्का यांच्या २०११ च्या त्या स्फटिकाच्या एका निबंधाचे वजन या आकड्यात मावत नाही, असे माझे ठाम मत आहे.