मर्यादा सांगणारे लेखक

पुढच्या काही महिन्यांच्या वाचनाची यादी आज पुन्हा हाती घेतली आणि तिच्यातली निम्म्याहून अधिक नावे खोडली. आत्मविकास, तंत्रज्ञान आणि गुंतवणूक या तिन्ही विषयांवरच्या पुस्तकांत एक दोष वारंवार आढळतो. यशस्वी झालेला माणूस आपण ज्या वाटेने आलो ती वाट सांगतो आणि तीच यशाचे कारण होती असे गृहीत धरतो. त्याच वाटेने जाऊन हाती काही न लागलेल्या माणसांची पुस्तके मात्र कोणी छापत नाही. म्हणून नाव ठेवायचे की खोडायचे हे ठरवताना एकच कसोटी लावली: आपले म्हणणे कुठवर खरे आहे आणि कुठे ते लागू पडत नाही, हे लेखक स्वतः सांगतो का?

या कसोटीला बेंजामिन फ्रँकलिनचे आत्मचरित्र अनपेक्षितपणे उतरले. त्याने तेरा सद्गुणांची यादी केली, दर आठवड्याला एका गुणावर लक्ष द्यायचे ठरवले आणि चुकेल त्या दिवशी वहीत काळी खूण केली, एवढे पुष्कळांनी ऐकलेले असते, आणि आत्मविकासाची बहुतेक पुस्तके तेवढेच उचलतात. पण टापटीप हा गुण आपल्याला कधीच साधला नाही, हेही तो तिथेच लिहितो. नम्रता हा तेरावा गुण तर, लोक तुला गर्विष्ठ समजतात असे एका मित्राने सुनावल्यावर यादीत आला, आणि गर्वावर पूर्ण मात केली असे वाटले तरी बहुधा मला माझ्या नम्रतेचाच गर्व होईल, अशी पुस्तीही तो जोडतो. स्वतःच्या पद्धतीकडे इतक्या मिस्किलपणे पाहणारा लेखक मला तरी या विषयात दुसरा भेटलेला नाही.

त्या सद्गुणांच्या तक्त्यापेक्षा मला त्याची वाचनाची रीत अधिक मोलाची वाटते. आवडलेल्या निबंधातील प्रत्येक वाक्याचा आशय तो थोडक्यात टिपून ठेवी, काही दिवस जाऊ देई, मग मूळ लेखन न पाहता त्या टिपणांवरून सबंध निबंध स्वतःच्या शब्दांत लिही आणि शेवटी मुळाशी ताडून आपल्या उणिवा दुरुस्त करी. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग याच्याशी चांगले जुळतात. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा मात्र उतारा मिटून तो आठवून लिहिणाऱ्यांना अधिक स्मरत होते. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि त्या ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. त्यामुळे माझ्या या रोजनिशीत पुस्तकांतील उतारे उतरवून घेणे मी थांबवले आहे. प्रकरण संपले की पुस्तक मिटून जे आठवेल तेवढेच लिहितो, आणि ते फार थोडे असते.

तंत्रज्ञानाची निवड सोपी गेली, कारण तिथे मूळ लेख पुष्कळदा त्यांच्यावरील पुस्तकांपेक्षा लहान आणि सुबोध असतात. पुढे इंटेल ही चिप बनवणारी कंपनी काढणाऱ्यांपैकी एक असलेल्या गॉर्डन मूरचा १९६५ चा लेख जेमतेम चार पानांचा आहे. एका चिपवरील इलेक्ट्रॉनिक घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल आणि १९७५ पर्यंत ती पासष्ट हजारांवर पोहोचेल, असा त्याचा अंदाज होता, आणि तो दहा वर्षांपुरताच होता. १९७५ मध्ये त्याने स्वतःच दुपटीचा काळ दोन वर्षे केला. या अंदाजाचा ‘मूरचा नियम’ म्हणून, निसर्गनियमासारखा उच्चार नंतर इतरांनी केला. यंत्र विचार करू शकते का, या प्रश्नावरील गणितज्ञ ॲलन ट्युरिंगचा १९५० चा लेखही यादीत राहिला. त्यात त्याने, यंत्रे विचार करू शकतील या आपल्या मताविरुद्धचे नऊ आक्षेप एकेक घेऊन उत्तरे दिली आहेत. त्यांत अतींद्रिय ज्ञानाचाही आक्षेप आहे आणि तो ट्युरिंगने चक्क गंभीरपणे घेतला आहे, हे वाचून गंमत वाटते.

गुंतवणुकीबाबत मात्र बराच वेळ अडलो. अमेरिकी गुंतवणूकदार बेंजामिन ग्रॅहमचे ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ प्रथम १९४९ मध्ये निघाले, आणि त्यातील रेल्वे कंपन्यांची व रोख्यांची कित्येक उदाहरणे आज निरुपयोगी आहेत; पहिल्या पानापासून वाचायला बसणारा मध्येच कंटाळण्याची शक्यता अधिक. अशा वाचकाने आठवे आणि विसावे प्रकरण आधी वाचावे. आठव्यात बाजाराच्या चढउतारांना कसे तोंड द्यावे हे आहे, तर विसाव्यात मार्जिन ऑफ सेफ्टी, म्हणजे आपण काढलेल्या मूल्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीला खरेदी करण्याचा नियम आहे. या नियमाचा पायाच असा की आपला हिशोब चुकलेला असू शकतो. १९२९ नंतरच्या अमेरिकी शेअरबाजाराच्या पडझडीत स्वतः मोठे नुकसान सोसलेल्या माणसाने तो लिहावा, हे ओघानेच आले. अर्थशास्त्रज्ञ बर्टन मल्कीलने तर १९७३ मध्ये, निवडक शेअर शोधत बसण्याऐवजी सबंध बाजारच अत्यल्प खर्चात विकत घेणारा फंड हवा, असे लिहिले, तेव्हा सामान्य गुंतवणूकदारासाठी तसा फंड अस्तित्वात नव्हता. व्हॅनगार्ड या फंड कंपनीचा संस्थापक जॉन बोगल याने तो १९७६ मध्ये आणला. पंधरा कोटी डॉलर जमवण्याचा बेत होता आणि जमले जेमतेम एक कोटी दहा लाख. फंड व्यवस्थापकांच्या कौशल्याविषयीच शंका घेणारी ही कल्पना विकायला अवघड होती, यात नवल नाही.

चार्ल्स मॅकेचे १८४१ चे, सामूहिक वेडांविषयीचे पुस्तक खोडावे की ठेवावे, हे शेवटपर्यंत ठरत नव्हते. सतराव्या शतकातील हॉलंडमधल्या ट्यूलिपच्या कंदांच्या सट्ट्याचे त्याने रंगवलेले चित्र अतिरंजित असल्याचे पुढच्या इतिहासकारांनी दाखवले आहे. गणितज्ञ अँड्र्यू ओड्लिझ्को यांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली: पुस्तक निघून काही वर्षे होतात न होतात तोच ब्रिटनमध्ये रेल्वेच्या शेअरांचा उन्माद माजला, तेव्हा वृत्तपत्राचा संपादक असलेला हाच मॅके वाचकांना सावध करण्याऐवजी रेल्वेचे गोडवे गात होता. माझ्या कसोटीला हे पुस्तक उतरत नाही, तरीही मी ते ठेवले आहे, आणि त्याच्या खालच्या ओळीत ओड्लिझ्को यांचा निबंध लिहिला आहे. दोन्ही लागोपाठ वाचायचे आहेत.