तुम्ही विचारलंत म्हणून: फिदेलचा तक्ता तूर्त भिंतीवरून उतरवा

“मुलांना अम्हारिक (इथिओपियातली एक प्रमुख भाषा) कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. फिदेलचा, म्हणजे तिथल्या अक्षरांचा, तक्ता लावला, रोज म्हणून घेतला, तरी गाडी हलेना. काय करायचं?” वॉशिंग्टनच्या आसपास, सिल्व्हर स्प्रिंग किंवा अलेक्झांड्रियाकडे राहणारे इथिओपियन आईवडील हे विचारतात. इथिओपियातून मूल दत्तक घेतलेले पालक विचारतात. एक जोडीदार मराठी आणि दुसरा अदिस अबाबाचा, अशा घरांतूनही हाच प्रश्न येतो. आमचं उत्तर एकच: तक्ता उतरवा आणि मुलाच्या हातात काम द्या.

त्याआधी भाषा कोणती ते नक्की करा. इथिओपियात ऐंशीच्या वर भाषा आहेत. घर ओरोमो समाजाचं असेल तर मुलाची भाषा आफान ओरोमो, आणि ती 1991 पासून रोमन लिपीत लिहिली जाते. तिथे फिदेलचा काही उपयोग नाही. दत्तक मुलाच्या कागदांवर वोलायता किंवा हदिया भागातलं गाव असेल, तर आजीची भाषा बहुधा अम्हारिक नसणार. इथिओपियाने 2018 मध्ये परदेशी दत्तकविधान बंद केलं, म्हणजे ही मुलं आता मोठी झाली आहेत आणि हा प्रश्न स्वतःच विचारतात. अम्हारिक शिकायला हरकत नाही, पण ‘तुझी मातृभाषा’ म्हणून चुकीची भाषा हातात देऊ नये.

अम्हारिकच असेल तर खरा वर्ग म्हणजे कॉफीचा तास. हिरवे दाणे धुऊन तव्यावर भाजायचे, धूर पाहुण्यांपुढे फिरवायचा, कुटायचं, जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळायचं. त्याच चोथ्यावर पाणी घालून तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बरका. सगळं मिळून तास-दीड तास जातो. मूल कॉफी पीत नाही, पण बिनकानाचे छोटे कप नेऊन देणं, लाह्या फिरवणं, आधी कोणाला द्यायचं हे ओळखणं (सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाला) ही कामं त्याचीच. दर आठवड्याला तेच शब्द, त्याच क्रमाने, हातातल्या वस्तूसकट. पाठ्यपुस्तकाला हे जमत नाही.

बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, मोठी माणसं अदिसच्या राजकारणात शिरतात आणि मूल फोनमध्ये. म्हणून काम नाव घेऊन सांगायचं. दुसरं, ‘इंग्रजी बोलू नकोस’ असा दम देतात. मग मूल गप्पच बसतं. त्यापेक्षा निवडीचा प्रश्न विचारा: ‘बुना वेयस शाय?’, आजोबांना कॉफी द्यायची की चहा? हो-नाही म्हणून सुटता येत नाही, एक शब्द तरी उच्चारावाच लागतो. त्यालाच जोडून तुम्ही पूर्ण वाक्य म्हणा. चूक दुरुस्त करत बसू नका.

एक चूक मात्र वेळीच ओळखावी. अम्हारिकमध्ये समोरचा पुरुष की स्त्री यावर क्रियापद बदलतं, अगदी आज्ञेतसुद्धा. मुलाला ‘ना’ (ये), मुलीला ‘नेय’. मुलाला ‘अम्ता’ (आण), मुलीला ‘अम्ची’. घरात एकटी मुलगी असेल तर तिच्या कानावर ‘नेय’च पडतं, आणि ती बाबांनाही ‘नेय’ म्हणते. सगळे हसतात, आणि ती पुन्हा तोंड उघडत नाही. उपाय सोपा आहे: तिला निरोप्या करा. ‘बाबांना बोलाव, आईला बोलाव, आजोबांना बोलाव.’ आजोबांसाठी आदराचं ‘यिम्तू’. तिन्ही रूपं एकाच संध्याकाळी येऊन जातात.

हे रुळलं की तक्ता परत लावा. मराठी जोडीदाराला तो लगेच उमजतो, कारण ती बाराखडीच आहे, बाराऐवजी सातांची: 33 ओळी, प्रत्येकी सात रूपं, एकूण 231. ‘हा हू ही’ अशी ओळ सुरात म्हणवून घेतली की मुलाला सूर पाठ होतो, पण मधलं एखादं अक्षर सुटं दाखवलं तर ओळखता येत नाही. म्हणून मुलाच्या नावातल्या अक्षरांपासून सुरू करा. मग ल, ब, स, क या पाय असलेल्या ओळी घ्या, त्यांत नियम स्वच्छ दिसतो: ‘ऊ’ला उजवीकडे मध्यावर रेघ, ‘ई’ला उजव्या पायाशी रेघ, ‘ए’ला तिथेच गोल कडी. र आणि म नियम मोडतात, त्यांना नंतर हात लावा. ‘ह’ची एकाहून जास्त अक्षरं आहेत आणि उच्चार आज सारखाच, वाचता आली की पुरे, लिहिताना कुठलंही चालवून घ्या. द्वित्त लिहिलंच जात नाही. ‘अले’ (तो म्हणाला) आणि ‘अल्ले’ (तो आहे) कागदावर एकसारखे दिसतात, म्हणून शब्द आधी कानावरून गेलेला असावा लागतो. तक्ता मागे ठेवण्याचं हेही एक कारण.

सणांबद्दल थोडक्यात: नवं वर्ष एन्कुताताश 11 सप्टेंबरला, लीप वर्षाच्या आधीच्या वर्षी 12 ला. मुस्लिम घरात ईद. ज्या घराचा जो सण तोच करा, ‘इथिओपियन संस्कृती’ म्हणून सगळ्यांची मिसळ करू नका.

आणि आजीला फोन. तिथलं घड्याळ सकाळी सहाला सुरू होतं. आपले सात म्हणजे त्यांचा एक. आजी म्हणाली ‘शनिवारी दोनला कर’, तर ते अदिसमधले सकाळचे आठ, म्हणजे हिवाळ्यात वॉशिंग्टनला शुक्रवारची मध्यरात्र. तिच्याकडून ‘संध्याकाळचे बारा’ मागून घ्या. ते आपल्या हिशेबाने अदिसचे संध्याकाळचे सहा, वॉशिंग्टनचे हिवाळ्यात सकाळचे दहा, उन्हाळ्यात अकरा. मूल जागं असतं आणि आजीही निवांत असते.