करिंथची मंडळी आणि सामर्थ्याची पारख

गोव्यातल्या मराठी वाचकाला येशूचे चमत्कार नवे नाहीत. १६१६ साली रायतूरला छापलेल्या फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणात ते ओव्यांतून आले आहेत. पण येशूनंतर वीस-पंचवीस वर्षांनी साध्या विश्वासूंना देवाच्या सामर्थ्याचा काय अनुभव येत होता, हे पाहायचं तर प्रेषित पौलाने ठिकठिकाणच्या मंडळ्यांना, म्हणजे विश्वासूंच्या समूहांना, लिहिलेली पत्रं उघडावी लागतात.

गलतीकरांशी, म्हणजे गलतिया प्रांतातल्या विश्वासूंशी, पत्रातून वाद घालताना तो विचारतो: तुम्हाला पवित्र आत्मा मिळाला, तुमच्यात अद्भुत कृत्यं घडतात, ती मोशेचं नियमशास्त्र पाळल्यामुळे की ऐकून विश्वास ठेवल्यामुळे? (गलती ३:२-५) चमत्कार झाले हे त्याला पटवायचंच नाही. ते ठाऊक आहेत असं धरूनच तो पुढे जातो. पत्र ऐकणाऱ्यांनी तसलं काही पाहिलंच नसतं, तर हा मुद्दा तिथेच कोसळला असता. कुठल्याही रसभरित वर्णनापेक्षा मला हा पुरावा वजनदार वाटतो.

करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत अनुभव उदंड, शिस्त कमी. सगळेच अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या बोलीत, बोलू लागले तर बाहेरून आलेला माणूस तुम्हाला वेडे म्हणेल, असं पौल त्यांना इ.स. ५५च्या सुमारास लिहितो आणि नियम घालून देतो. अन्य भाषेत दोघांनी, फार तर तिघांनी बोलावं, तेही पाळीपाळीने, आणि एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावं. संदेष्टे, म्हणजे देवाचा संदेश सांगणारे, त्यांनीही दोघा-तिघांनीच बोलावं, इतरांनी पारख करावी. बसलेल्या एखाद्याला प्रकटीकरण झालं, तर आधीच्याने थांबावं. ‘मला थांबताच येत नाही’ ही सबब पौल चालू देत नाही, कारण संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. आपल्याकडे अवसर आला की माणूस नव्हे, देव बोलतो असं मानतात. पौलाच्या मंडळीत बोलणारा शुद्धीवर असतो आणि आपल्या शब्दांना जबाबदारही. हा फरक ध्यानात ठेवला की करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय नीट उलगडतो.

घोळ व्हायचा तो बहुधा पैशापाशी. शोमरोनातल्या शिमोन नावाच्या जादूगाराने हात ठेवून आत्मा देण्याचा अधिकार विकत मागितला, तेव्हा येशूचा शिष्य पेत्र याने त्याला तिथेच झिडकारलं. ‘दिदाखे’ या सुरुवातीच्या काळातल्या छोट्या नियमपुस्तिकेत तर थेट हिशेबच आहे: फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन, तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी न्यावी. पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात येऊन ‘मला पैसे द्या’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये, मात्र गरजूंसाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नये.

आजाऱ्यांसाठी नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रातली पद्धत साधी आहे. रोग्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं. त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. तरी प्रत्येक जण बरा झालाच असं नाही. शरीरातला काटा, म्हणजे कसलासा त्रास, निघावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली, तो निघाला नाही. पौलाचा सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं आहे. दुसरा सहकारी त्रफिम याला तर मिलेत शहरात आजारीच मागे ठेवावं लागलं. प्रार्थनेच्या मेळाव्यात कुणी आजाऱ्याला ‘तुझाच विश्वास कमी पडला’ असं सुनावलं, तर त्याच्यापुढे ही तीन नावं ठेवावीत.